रांजणाखालचा हेडमास्तर

मामा,

शाळेच्या हस्तलिखितासाठी तुमच्यावर चार ओळी लिहून द्या, असं हेडमास्तरांनी मला परवा सांगितलं. मी बसलो. "आमच्या शाळेचे शिपाई सखारामजी हे अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू व मनमिळाऊ" इथपर्यंत लिहिलं आणि हसू आलं. तुम्ही मनमिळाऊ कधी होता? एखाद्याशी बिनसलं की आठ-आठ दिवस त्याच्याकडे पाहत नव्हता. माझ्याशी तर एकदा अख्खा श्रावण बोलला नाहीत. तो कागद मी फाडून टाकला. आता हा दुसरा लिहायला घेतलाय. हा हस्तलिखितात घालण्याजोगा होणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. घंटा कोणीही देतं आणि ती कधी लवकर होते, कधी उशिरा. नवा शिपाई अजून आलेला नाही. रांजण नववीची मुलं पाळीपाळीनं भरतात आणि निम्मं पाणी व्हरांड्यात सांडतात. तुम्ही असता तर कान उपटले असते.

मी सत्तर साली या शाळेत आलो, ते किन्हीराजाला एसटीतून उतरून तीन मैल पायी. हातात ट्रंक, खिशात बी.एस्सी.चं प्रमाणपत्र. व्हरांड्याच्या टोकाला वाळूत रोवलेले दोन रांजण होते आणि तुम्ही खाली वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, त्यांच्यामागे काहीतरी पाहत होता. मला वाटलं, साप निघाला. तुम्ही मान वर न करताच म्हणालात, "या सर. आमच्या हेडमास्तरले भेटा."

रांजणाच्या बुडाशी, ओल्या वाळूत, मुठीएवढा एक भेक बसला होता. पुस्तकात त्याला भेक म्हणतात, आपल्याकडे सगळे सरसकट बेंडूकच म्हणतात. अंगभर पुळ्या, पोट जमिनीला टेकलेलं, मान ताठ आणि डोळ्यांच्या वरून काजळाची रेघ ओढल्यासारखी काळी कड. शाळा सुटायची घंटा झाली की तो बाहेर येऊन दारात बसे, कोणाशी बोलत नसे आणि समोरून जाईल त्याला गिळत असे. म्हणून हेडमास्तर. खऱ्या हेडमास्तरांनी एकदा हे ऐकलं तेव्हा तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "तुमचंच नाव चालवून राह्यला जी."

पुस्तकात होतं ते मला माहीत होतं. भेक तुम्हाला माहीत होता. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, "सर, हा तोंडानं पानी पेत नाही." मी हसलो. "हासू नका. ओलीत बसते अन् बुडाखालून पेते." घरी जाऊन मी कॉलेजचं जाड पुस्तक काढलं. त्यात तेच होतं, फक्त अवघड शब्दांत. घास गिळताना तो डोळे का मिटतो ते तुम्हीच मला दाखवलंत. त्याचे डोळे आत जातात आणि घास खाली ढकलतात. कात टाकली की ती स्वतःच खाऊन टाकतो, हेही. डोळ्यांमागच्या फुगीर गाठींतून दुधासारखं विष येतं, हे तुम्हाला कुत्र्यामुळे कळलेलं. कुत्र्यानं एकदा त्याला तोंडात धरला आणि मग तो फेस गाळत तासभर शाळेभोवती पळत राहिला. तुम्ही त्याला पाणी पाजलंत आणि भेकाला रागावलात.

त्याच पावसाळ्यात तुम्ही मला नाल्यावर नेलंत. नाल्याच्या काठी ते सगळे गळा फुगवून ओरडत होते. तुम्ही पाण्यातल्या गवतात गुंतलेली अंडी दाखवलीत, बायकांच्या काळ्या मण्यांच्या पोतीसारखी लांबलचक. "नुसतं बेंडूक असन तर गोया असते. ह्याची पोत." मी वहीत लिहून घेतलं, बेडकाच्या अंड्यांचा गोळा, भेकाच्या अंड्यांची माळ. मग मी विचारलं, मामा, एवढे सगळे ओरडतात, आपला हेडमास्तर कधी ओरडत नाही. तुम्ही म्हणालात, "त्यो कायले वरडन? त्याले हुकूम देता येते." आपण दोघं तिथंच उभं राहून हसलो. ओरडतो तो फक्त नर, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत, पण ती तुमच्या लक्षात आली होती, हे मला ठाऊक आहे. मी भेकाला कधी हात लावला नाही. केनवडला आमच्या घरी आई सांगायची, बेंडकाला शिवलं की हाताला चामखीळ येते. वर्गात मी फळ्यावर 'अंधश्रद्धा' असं लिहून त्याखाली ही चामखीळ पहिल्या नंबरावर घालायचो. आणि व्हरांड्यात हेडमास्तर पायात आला की टुणकन बाजूला व्हायचो. तुम्ही त्याला दोन बोटांनी उचलून रांजणामागे ठेवायचात आणि माझ्याकडे बघायचं टाळायचात. तेवढी माणुसकी तुमच्यात होती.

मग बहात्तर साल आलं.

आषाढ कोरडा चालला होता. विहिरीचा तळ दिसत होता. तुम्ही सकाळी दोन घागरी आणायचात, त्यात रांजण जेमतेम ओले व्हायचे. नाला फुटलेल्या मातीचा झाला होता आणि सगळी बेडकं जमिनीखाली गेली होती. फक्त आपला हेडमास्तर तेवढ्या ओलीला धरून बसला होता. एके दिवशी मधल्या सुटीत गावातली पाच-सहा जाणती माणसं शाळेत आली. धोंडी काढायची होती. मुसळाला बेंडूक उलटा बांधायचा, कडुनिंबाचा पाला लावायचा, दारोदार फिरवायचा आणि दारोदार बायकांनी त्यावर पाणी ओतायचं, म्हणजे पाऊस येतो. हे काम गावानं पिढ्यान्पिढ्या तुमच्या वस्तीवर टाकलेलं. तुमचे वडील मुसळ धरायचे.

त्यातला म्हातारा तुम्हाला म्हणाला, "सखाराम, तुह्या बापाच्या हातानं पानी ये. एक बेंडूक धरून दे, बस."

"बाप धरे," तुम्ही म्हणालात. "मी नाही धरत. छप्पन सालीच सोडलं ते."

"गावासाठी मांगून राह्यलो, सोतासाठी नाही."

"मंग गावातलं कोनीबी धरा ना. बेंडूक काही चावत नाही."

एवढं बोलून तुम्ही सुपारी तोंडात टाकलीत. आवाज चढवला नाहीत. आवाज मी चढवला. पंचवीस वर्षांचा होतो, समोर वर्गाची दारं भरून मुलं उभी होती. ढग कसे बनतात ते सांगितलं, मुक्या जीवाचे हाल सांगितले, आणि एका माणसाला जन्मावरून काम सांगायचा त्यांना काय अधिकार, असंही विचारलं. ते निघून गेले. धोंडी त्यांनी आपल्याच पोरांकडून काढली, दोन दिवस. पाऊस आला नाही. मुसळावरचा बेंडूक वाळून गेला. त्यांनी तुमच्या वस्तीला दोष दिला आणि मी पुन्हा भांडलो. सुटीत केनवडला गेलो तेव्हा घरी ताटावर बसून ही सगळी हकीकत मी रंगवून सांगितली. मला माझा फार अभिमान वाटत होता, मामा.

तीन आठवड्यांनी शाळेची तपासणी लागली. वाशीमहून साहेब येणार होते. माझ्या मनात होतं, नववीच्या वर्गात त्यांच्यासमोर बेडकाचं विच्छेदन करून दाखवावं. खेड्यातल्या शाळेत असं कोणी करत नव्हतं. क्लोरोफॉर्म आणून ठेवला होता, मेणाचा ट्रे होता, टाचण्या होत्या. फळ्यावर मी रंगीत खडूंनी आकृती काढत होतो. तुम्ही हजेरीपट घेऊन आलात.

"मामा, उद्या एक बेडूक लागेल."

"बेंडूक कुठी हाय सर? नाला कोल्डा पडला."

"रांजणाखाली आहे की."

मी आकृतीत यकृत रंगवत होतो, तपकिरी खडू सापडत नव्हता. तुम्ही विचारलंत, "हेडमास्तर?"

"अहो, पुढच्या पावसात दुसरा येईल," मी म्हणालो. मागे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तोंडाला फडकं बांधलेलं मडकं होतं. क्लोरोफॉर्मच्या बरणीत त्याला तुम्हीच घातलंत, कारण मी झाकण धरून दोन हात लांब उभा होतो. साहेब समोर बसले. मी चिमट्यानं कातडी उचलून कात्री चालवली आणि पोट उघडलं तसा आतून काळा गर वर आला. मण्यांसारखी अंडी, हजारोंनी, सगळ्या अवयवांवर पसरलेली. नाल्यात तुम्ही दाखवलेले तेच मणी, अजून ओवले न गेलेले. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, हे काय हाय?" मी म्हणालो, अंडी. ही मादी आहे. मागून कोणीतरी फिसकन हसलं, "हेडमास्तरीन!" आणि मग हसू कुठल्या कुठे गेलं, कारण सगळ्यांनाच ती माहीत होती. मी अंडी बाजूला सारून हृदय दाखवलं. साहेबांनी शेरापुस्तकात माझ्या नावानं चांगलं लिहिलं.

तास झाल्यावर मी ओट्याच्या कडेला येऊन दोन्ही हात पुढे केले आणि तुम्ही पाणी ओतलंत. त्या वर्षी अर्धा लोटा पाणी म्हणजे एका पोराची दुपारची तहान. तुम्ही धार बारीक धरली होती.

"बाई होती?"

"हो."

"मंग पान्याचीच वाट पाहून राह्यली होती." लोटा रिकामा झाला. तुम्ही तो तसाच उपडा धरून उभे होता. "सर, त्यायच्या मुसळात अन् तुमच्या ताटात काय फरक हाय?"

मी लगेच उत्तर दिलं. उत्तरं तेव्हा माझ्या खिशातच असायची. म्हणालो, मामा, ते अज्ञान आणि हे विज्ञान, यातूनच डॉक्टर तयार होतात. तुम्ही "हाव" म्हणालात आणि ट्रे धुवायला घेऊन गेलात. त्यानंतर अख्खा श्रावण गेला तो.

भादव्यात तुम्ही पुन्हा बोलायला लागलात, एका भलत्याच गोष्टीवरून. उशिराची एक सर येऊन छप्पर गळत होतं म्हणून. मी त्याला समेट समजलो. पण तो प्रश्न माझ्या मनात अडकून राहिला आणि पुढची सहा-सात वर्षं मी त्याची उत्तरं तुम्हाला आणून देत राहिलो. कधी लस कशी शोधली ते सांगितलं, कधी पोटाचं ऑपरेशन. तुम्ही ऐकून घ्यायचात. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तुमचा राग जीव घेण्यावर आहे, तुमच्या धम्मातल्या पहिल्या शीलामुळे आहे. मोठ्या मनानं मी पुढच्या वर्षापासून विच्छेदन बंद केलं आणि अकोल्याहून बाटलीतला नमुना मागवला. ती बाटली मी मुद्दाम तुमच्या समोर उघडली. तुम्ही म्हणालात, "वास मारते." एकदा मी तुम्हाला चिडवलंही होतं की मामा, जीवहत्या नको म्हणता आणि रविवारी कोंबडी कापता. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कापतो ना. सोता कापतो." मी ते हसण्यावारी नेलं.

मग तुमची सुजाता नववीत आली. शाळा सुरू व्हायच्या दिवशी तुम्ही तिला माझ्यासमोर आणून उभी केलीत. "हिले सगळं शिकवा सर. कापनंबी शिकवा."

मी उडालोच. "मामा, तुमचा तर विरोध होता!"

"माहा इरोध कापाले नाही."

"मग कशाला होता?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "तास झाला, सर," असं म्हणून घंटेकडे गेलात. पाच मिनिटं बाकी होती, मामा. मी घड्याळ पाहिलं होतं. मागोमाग येऊन मी पुन्हा विचारू शकलो असतो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, त्यानंतरच्या कितीतरी दिवसांत. मी विचारलं नाही. आता मला वाटतं की उत्तर काय येईल याचा मला थोडा वास आला होता, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. वस्तीतल्या विहारासमोर मांडव होता, तुमचा फोटो होता, त्यात तुम्ही नेहमीसारखे फोटोवाल्यावर चिडलेले. सगळे उभे राहिले, मीही हात जोडून उभा राहिलो. पंचशील सुरू झालं. पहिलं शील इतरांच्या तोंडून पुढे गेलं, माझ्या तोंडून निघालं नाही. मला वाटलं, मामा ऐकत असतील तर म्हणतील, सर, फुकट म्हणू नका.

नंतर सुजातानं मला चहा आणून दिला. अकोल्याला नर्सिंगचं शिकते, आता ती माझ्यापेक्षा धीट हातानं सुई धरत असेल. रडून तिचा आवाज बसला होता. मी तिला म्हणालो, तुझ्या बाबांचा आणि माझा एक वाद राहून गेला, त्या भेकाचा. त्यांना जीव घेतलेला आवडला नव्हता.

तिनं किटली खाली ठेवली. मग म्हणाली, "सर, तसं नव्हतं ते. बाबा तुमाले लय मानत. सांगत, सर माह्यासाठी गावाशी भांडले. पन मंग म्हनत, बेंडूक पाह्यजे झाला तं गावाले मीच दिसलो, अन् सरायलेबी मीच दिसलो. सरायनं सोता काहून नाही धरला?"

चहा माझ्या हातात गार झाला. मामा, इतकं सरळ होतं ते. तुम्ही त्या दिवशी व्हरांड्यात सगळ्यांदेखत सांगितलं होतंत की गावातलं कोणीही धरा, बेंडूक काही चावत नाही. मी शेजारी उभा होतो. मला वाटलं, ते तुम्ही गावाला सांगताय. केनवडला आमच्या घरी पाणी द्यायला माणूस, बैल सोडायला माणूस, मेलेली मांजर उचलायला माणूस. ते घर मी सोडलं, पुस्तकं वाचली, तुमच्या हातचं पाणी प्यालो आणि त्याची स्वतःलाच शाबासकी दिली. पण बोट दाखवायची सवय ट्रंकेत घालून बरोबर घेऊन आलो. त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला निदान तोंडावर पाहून विचारलं तरी. मी फळ्याकडे तोंड करून हुकूम दिला. आणि पगारी नोकर म्हणून तुम्हाला मला नाही म्हणता आलं नाही, गावाला आलं होतं. मी तुमचं हे नाही म्हणणं तुमच्याकडून काढून घेतलं, तेही त्याच महिन्यात. मामा, माझं चुकलं. हे मी तुमच्या समोर, सुपारीच्या वासात उभं राहून म्हणायला हवं होतं. दहा वर्षं माझ्याकडे होती.

तरी तुम्ही सुजाताला माझ्याच हाती दिलीत. याचे आभार कसे मानतात ते मला कळत नाही.

काल नववीला उभयचर प्राण्यांचा धडा होता. बाटली कपाटात होती. मी ती काढली नाही. मुलांना बसवून व्हरांड्यात आलो आणि दुसऱ्या रांजणामागे वाकलो. तिथं सध्या एक आहे, तुमच्या हेडमास्तरिणीपेक्षा लहान, पण काजळ तसंच. तुम्ही त्याला पाहिला होतात का? पहिल्यांदा तो निसटला. दुसऱ्यांदा मी निसटलो आणि चिखलात गुडघ्यांवर आलो. खिडक्यांतून सगळा वर्ग पाहत होता. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी धरला.

इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं आणि मला वाटत होतं की तो बुळबुळीत असतो. तो कोरडा असतो, मामा. जुन्या पोत्यासारखा खरबरीत, आणि खालून पोट मऊ. त्याचा गळा माझ्या अंगठ्याखाली भरभर हलत होता. मग तो माझ्या हातावर मुतला. तुम्ही सांगायचात की मुतते अन् पाहते, सोडते का. मी नाही सोडला. तसाच वर्गात घेऊन गेलो. एक मुलगा ओरडला, "सर, चामखीळ येईन!" मी म्हणालो, येऊ दे. टेबलावर ठेवून त्याच्यासमोर वाळवी, आपली उधई, टाकली. त्यानं गिळली आणि डोळे मिटले. तुम्ही सांगितलं होतं ते सगळं मी मुलांना तुमच्या नावानं सांगितलं. मग त्याला परत नेऊन रांजणामागे ओलीत ठेवला.

हात चिखलानं भरले होते. ओट्याच्या कडेला आलो, सवयीनं दोन्ही हात पुढे केले आणि धार पडायची वाट पाहत उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो, मामा. मग वाकून लोटा मीच उचलला.